हेड बसवताना

पुलाचा चढ चढताना गाडीचा आवाज बदलला, तो तिनं ऐकला होता. ऐकून सोडून दिला होता. दिवसभर लोकांचे कान तपासून झाले की संध्याकाळी स्वतःच्या कानांना सुट्टी द्यायची, असा तिचा अलीकडचा शिरस्ता होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर जाड भिंतींची एक मुकी खोली होती. ती काचेच्या अलीकडे बसायची. पलीकडे कुणीतरी हेडफोन घालून, हातात बटण धरून, तोंडी परीक्षेला आल्यासारखं ताठ बसलेलं असायचं. ती एकेक सूर सोडत जायची, आधी ठळक, मग पुसट, मग असून नसल्यासारखा, आणि समोरच्याचा अंगठा कुठं थांबतो ते बघत राहायची. अंगठा थांबला की कागदावर एक खूण. मग बाहेर येऊन हसत हसत सांगायचं, की घाबरण्यासारखं काही नाही, पण. त्या ‘पण’नंतर माणसं आधी हसतात, मग तिच्या चेहऱ्याकडे बघतात, हे तिला पाठ झालं होतं. म्हणून इंजिनाचा आवाज कोरडा झाला, घसा धरल्यासारखा झाला, तेव्हा ती मनाशी म्हणाली, उद्या बघू. आणि चढ संपता संपता बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ आली, गोडसर, जळका वास आला, आणि काटा लाल रेघेपलीकडे जाऊन निपचित पडलेला दिसला. तिनं गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तरी आत काहीतरी रटरटत राहिलं. रडू यावं असा तो प्रसंग होता, निदान राग तरी. तिला हसू आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या गावाचे कान हिच्या हाती, आणि हिची गाडी हिच्या कानाशी कोकलत होती.

फोन हातात घेतला तेव्हा कुणाला करायचा हे तिनं ठरवलं नव्हतं. अंगठ्यानं परस्पर ठरवलं. पडद्यावर नाव आलं, ‘वन्सं’. घटस्फोटानंतर तिनं नवऱ्याचा नंबर काढून टाकला होता, त्याच्या दोन मित्रांचे काढले होते, त्याच्या मावशीचाही काढला होता. वन्संचा काढायला म्हणून दोनदा बसली आणि दोन्ही वेळा दुसरं काहीतरी काम आठवलं. तीन वर्षांत त्या नंबरावर तिनं फोन मात्र केला नव्हता. आता रिंग वाजायला लागल्यावर तिला वाटलं, ठेवून द्यावा. तेवढ्यात तिकडून आवाज आला, मोठा, नेहमीचा, मागं कुठंतरी हातोडी पडल्याच्या खणखणाटासकट.

“कुठं आहेस?”

“पुलावर.”

“काय? जोरात बोल.”

“पुलावर! गाडीतून वाफ येतेय.”

“पांढरी की निळी?”

“पांढरी.”

“बंद केलीस ना? रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, तोंड भाजशील. आलेच.”

एवढंच. कशी आहेस नाही, इतक्या दिवसांनी कशी आठवण झाली नाही. कठड्याला टेकून ती खालचं पाणी बघत उभी राहिली. पाण्यावरून एक चपटी होडी सावकाश जात होती. आपण आत्ता काय केलं, याचा तिला हळूहळू उलगडा व्हायला लागला. गाडी ओढायला दुसरं कुणीही आलं असतं. गावात गॅरेजं काय कमी आहेत? पण संकटात माणूस ज्या भाषेत ‘आई गं’ म्हणतं, त्याच भाषेत तिचा अंगठा बोलला होता, आणि आता बोललेलं परत घेता येत नव्हतं.

वन्सं म्हणजे तिच्या आधीच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना घरात ‘बारकी’ म्हणत, आणि त्या दारातून आत आल्या की दार भरून जायचं. लहानपणी खरंच बारीक होत्या म्हणे. मग बापाच्या गॅरेजात उचलाउचल करून करून अंग भरलं, नाव मात्र तेच राहिलं. लग्न झाल्यावर ती पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेली तेव्हा एका गाडीखालून दोन बूट तेवढे बाहेर आले होते. ती त्या बुटांना ‘नमस्कार, ताई’ म्हणाली. बूट म्हणाले, “ताई सगळ्यांच्याच असतात. वन्सं म्हण. जुनं आहे, पण मला जरा भाव येतो.” मग त्या सगळ्या डोक्यावर ग्रीस आणि सगळ्या तोंडावर हसू घेऊन बाहेर सरपटत आल्या. तेव्हापासून वन्सं. आधी गमतीनं, मग सवयीनं, आणि पुढं पुढं त्या शब्दाशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं म्हणून. लग्नातलं काय टिकलं, असा विचार करायला बसलं की तिला हे एवढंच हाताला लागायचं. नवरा वाईट नव्हता. तो विम्याच्या कचेरीत होता, शांत होता, घरी येऊन शांतपणे जेवायचा. तीही शांत. दोघंही इतकी सभ्य की एकदासुद्धा कडकडून भांडण झालं नाही, आणि एके दिवशी लक्षात आलं की बोलण्यासारखंही काही उरलेलं नाही. तो दुसऱ्या शहरात बदली घेऊन गेला. तिला त्याची आठवण फारशी आली नाही. गॅरेजची आली. दर शनिवारी तिथं जायची सवय होती, आणि शनिवार आला की पाय उगीचच त्या बाजूला वळायचे. पण रिकामं करून दिलेल्या घराची किल्ली जवळ ठेवू नये, असं तिला वाटायचं. बोलावलं तर जाऊ, असंही वाटायचं. बोलावणं आलं नाही.

वन्सं आल्या त्या गॅरेजच्या जुन्या टेम्पोतून, दोर घेऊनच. तिच्याकडे न बघता त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. “चांगलंच तापलंय पोर.” मग तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वाळलीस.”

“तुम्ही नाही वाळलात.”

“मी कशाला वाळू?” त्यांनी दोराची गाठ आवळली. “आत बस. माझा लाल दिवा लागला की ब्रेक दाब. वेळेवर दाब हं. मागून माझ्यात घुसू नकोस, आधीच नातं नाजूक आहे.”

बंद इंजिनाची गाडी चालवायचा तो तिचा पहिलाच अनुभव. स्टिअरिंग जड, गाडी मुकी, बाहेरचं शहर मात्र अचानक बोलकं. दुकानांची शटरं, कुणाच्या तरी खिडकीतला रेडिओ, टायरांची डांबरावरची सरसर, हे सगळं तिला रोजच्या रस्त्यावर पहिल्यांदाच ऐकू येत होतं. समोर टेम्पोच्या मागच्या काचेतून वन्संचं डोकं दिसत होतं. केस मागं घट्ट बांधलेले, बरेचसे पांढरे झालेले. दोर ताणला जायचा, ढिला व्हायचा, परत ताणला जायचा. तो फार ताणूही नये आणि जमिनीला लागूही नये याकडे तिनं इतकं लक्ष दिलं, की गॅरेज कधी आलं ते तिला कळलंच नाही.

दारात मामंजी, म्हणजे वन्संचे अप्पा, बसले होते. कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची पुढची सीट काढून त्यांनी स्वतःसाठी खुर्ची केली होती, आणि मांडीवर डबा घेऊन नट आकारवार निवडत होते. गुडघे गेल्यापासून हेच त्यांचं काम. पूर्वी इथलं सगळं काम त्यांचं होतं. “कोण?” ते म्हणाले, आणि ती उजेडात आल्यावर, “सूनबाई!” सकाळी बाजारात गेलेलं माणूस पिशवी घेऊन परत आल्यावर हाक मारावी तसे. “बरं झालं आलीस. हिला विचार, चहात साखर घालते की नाही ते.”

“घालते!” वन्सं ओरडल्या.

“हे असं,” मामंजी तिला म्हणाले. “सगळी ओरडून बोलतात माझ्याशी. कान गेले माझे. वयच झालं.”

वन्संनी इंजिनाचं तेल भरायचं झाकण काढून उलटं केलं आणि तिच्यापुढं धरलं. आतून त्याला दुधाळ, पिवळट साय धरली होती. “बघ. तेलात पाणी गेलंय. होजपाईप फाटला, पाणी गळून गेलं, इंजिन तापलं, आणि तू आपली चढ चढतेयस. आता हेड वाकलं असणार. नाहीतर चीर गेली असेल.” तिचा चेहरा बघून त्या जरा मऊ झाल्या. “हेड म्हणजे इंजिनाचं वरचं अर्धं. खाली पिस्टन नाचतात, वर हे झाकण, मधे पातळ गॅस्केट. झाकण वाकलं की याचं त्यात जातं. मरत नाही कुणी. दुसरं हेड घालू. अशीच एक गाडी मोडीत निघालीय, तिचं चांगलं आहे, घासून घेते.”

“किती दिवस लागतील?”

“फिटर असता तर झटक्यात. फिटर गेला.”

“का?”

“मला म्हणाला, बाई, तुम्ही ऐकत नाही. मी म्हटलं, मालक मी आहे, मी कशाला ऐकू?” त्या खदखदून हसल्या. “तू ये संध्याकाळची. धरायला माणूस लागतं.”

“मला काय येतंय त्यातलं?”

“धरायला काय यावं लागतं?”

म्हणून ती जायला लागली. इस्पितळातून सुटली की सरळ गॅरेज. पहिल्याच दिवशी वन्संनी खुंटीवरचा एक निळा डगला तिच्या अंगावर फेकला. कोरा करकरीत होता, घड्यांच्या खुणाही मोडल्या नव्हत्या. “तुझ्या नवऱ्यासाठी शिवला होता. त्यानं एकदा घातला, म्हणाला टोचतो.” तिनं बाह्या दुमडल्या. टोचत नव्हता. उन्हं अजून उंच असायची, वरच्या पत्र्याच्या फटीतून एक तिरपी पट्टी इंजिनावर पडायची, आणि त्या पट्टीत दोघी वाकून उभ्या राहायच्या. पाणी काढलं. हवेचा डबा काढला. पाईप, तारा, क्लिपा. सुटलेला प्रत्येक बोल्ट वन्सं एका पुठ्ठ्यात खोचायला लावत. पुठ्ठ्यावर इंजिनाचं वेडंवाकडं चित्र काढलेलं, जो बोल्ट जिथला तो तिथंच खोचायचा. तिला हे काम फार आवडलं. तिच्या कामात माणसं आत यायची, आपलं जे गेलं ते कळून घ्यायची आणि निघून जायची. गेलेलं जागेवर ठेवायला पुठ्ठा नसायचा. इथं सगळं सुटत होतं, पण हरवत नव्हतं. नखांत काळं जायला लागलं. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी हेडफोन घालताना तिच्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, “डॉक्टरीणबाई, बागकाम?” ती म्हणाली, “हो, तसंच काहीतरी.” आणि दिवसभर उगीचच खुशीत राहिली.

टायमिंग बेल्ट सोडवायच्या दिवशी वन्सं गाडीखाली होत्या, ती वरून बॅटरीचा उजेड धरून होती. बूट तेवढे दिसत होते. बराच वेळ नुसता पान्यांचा आवाज, आणि मग खालून प्रश्न आला, जसा इंजिनातूनच यावा.

“घटस्फोट तू त्याच्याशी घेतलास की माझ्याशी?”

तिच्या हातातला उजेड हलला.

“उजेड हलवू नकोस. विचारतेय मी.”

“तुम्ही तरी कुठं बोलावलंत?” ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातला कढ ऐकून चकित झाली.

“काय?”

“तुम्ही तरी कुठं बोलावलंत, म्हटलं!”

खालचा पाना थांबला. “बोलावायचं असतं होय? तू काय पाहुणी होतीस? मला वाटलं, आमच्या सगळ्यांचाच वीट आला असेल. भाऊ तसला निघाला, म्हणजे बहीण पण तसलीच, असं धरलं असशील. शनिवारी अप्पा दाराकडे तोंड करून बसायचे. मी म्हणायचे, नाही यायची ती आता, कागद झाले. तर मला म्हणाले, त्या कागदावर माझी सही नाही.”

वरच्या पट्टीत धूळ तरंगत होती, ती बघत राहिली. तीन वर्षं दोन्हीकडची माणसं एकमेकांचा मान राखत बसली होती. आपण सभ्यपणानं एकदा संसार घालवला, आणि पाठोपाठ हेही घालवायला निघालो होतो, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिला पुन्हा ते पुलावरचं हसू आलं. या वेळी डोळ्यांतून. “रडतेस की हसतेस?” खालून प्रश्न. “दोन्ही.” “मग उजेड जरा डावीकडं धर.”

हेडचे बोल्ट सोडवायचे ते बाहेरून आत, थोडे थोडे, सगळे सारखे. एक सोडून सगळे सुटले. तो कोपऱ्यातला होता. वन्संनी लांब दांड्याचा पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. बोल्ट आधी करकरला, मग त्या करकरीतून एक बारीक, उंच किंकाळी वर चढायला लागली. तिच्या अंगावर काटा आला. “थांबा!” ती ओरडली. वन्सं थांबल्या. “काय झालं?”

“ओरडतोय तो.”

“कोण?”

“बोल्ट. तुटेल आता.”

वन्संनी तिच्याकडे बघितलं, मग बोल्टकडे. बोल्टच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडलं, हातोडीनं हळू हळू ठोकलं आणि म्हणाल्या, “राहू दे त्याला भिजत.” दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं सुटला. घरी जाताना मात्र ती किंकाळी तिच्या डोक्यातून जाईना. इतका मोठा आवाज. इतका उंच. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसानं विचारावं, कोण? तिच्या मनात एक रेघ आपोआप आखली जायला लागली, कागदावर आखतात तशी. खालच्या सुरांशी सपाट, आणि वर वर जाताना उतरत जाणारी. फोनवरचं ‘काय?’. गाडीखालचं ‘काय?’. बोलणाऱ्याकडे उजवा कान वळवायची ती लकब. तिनं ती रेघ पुसली. शनिवार आत्ता कुठं परत मिळालेत, आणि आपण लगेच तपासायला बसलो. माणूस म्हणून जायचं ठिकाण आहे ते. तरीही ती रेघ पुन्हा उमटायची.

जुनं हेड दोघींनी मिळून उचललं. खाली पिस्टनांची वर्तुळं काळी, ओलसर. हेडच्या उलट्या बाजूवर दोन झडपांच्या मधोमध केसासारखी चीर होती. वन्संनी त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली, आणि पट्टीखालून उजेड दिसला. “बघ वाकलेलं. मी उगीच नव्हते म्हणत.” मोडीतल्या गाडीचं हेड घासून, झडपा बसवून आलं होतं. ते त्यांनी फडक्यातून बाहेर काढलं तेव्हा मामंजींनी त्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “छान.” नवी गॅस्केट अंथरली, हेड बसवलं, बोल्ट बोटांनी टेकवले.

आवळायचे ते मात्र आतून बाहेर. आधी मधले, मग त्यांच्या शेजारचे, फिरत फिरत कडेपर्यंत. पहिली फेरी हलकी, दुसरी जास्त, तिसरी पूर्ण. “एका कोपऱ्यानं घाई केली की हेड वाकडं बसतं, आणि मग नवी गॅस्केट पण पाणी सोडते,” वन्सं म्हणाल्या. त्यासाठी टॉर्क पाना असतो. दांड्यावर जोर ठरवून द्यायचा, तेवढा लागला की तो टक् वाजतो. वाजला की थांबायचं. भिंतीवर दोन टॉर्क पाने होते, एक जुना, एक नवाकोरा. वन्संनी नवा घेतला, पहिल्या बोल्टला लावला आणि ओढला.

टक्.

वन्सं ओढतच होत्या.

“वाजला,” ती म्हणाली. त्या ओढतच होत्या. “वन्सं, वाजला! थांबा!”

वन्सं थांबल्या. पाना तसाच धरून त्यांनी मान वर केली. “काय वाजलं?”

“पाना. टक् झालं.”

“हा?” त्यांनी पाना हलवून बघितला, कानाशी धरला. “हा नाही वाजत. बिघडलेला निघाला. जुना वाजेनासा झाला म्हणून हा आणला, तर हाही तसलाच. घट्ट फेरीला हाताला झटका बसतो, त्यावर भागवते मी. हलक्या फेरीला अंदाजानं…” आणि बोलता बोलता त्या थांबल्या. भिंतीवरच्या जुन्या पान्याकडे त्यांची नजर गेली. तिनं तो काढून दिला. वन्संनी तो दुसऱ्या बोल्टला लावला आणि फार सावकाश ओढला, तिच्या तोंडाकडे बघत.

“वाजला,” ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. हा तोच ‘पण’ होता. रोज तो ती अनोळखी माणसांना देते, छापील हसून. इथं हसू आलं नाही. गप्प राहणं किती सोपं होतं. गप्प राहण्यात तिचा हातखंडा होता, सबंध संसार तिनं त्यावर निभावला होता. “दोन्ही पाने चांगले आहेत, वन्सं. उंच, बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत. बोल्ट ओरडला तोही आला नाही. गॅरेजात जन्म काढलेल्यांचं होतं असं. माझ्याकडे येतात तसे लोक.”

वन्संनी पाना गाडीच्या मडगार्डवर ठेवला, हाताचं फडकं जमिनीवर आपटलं आणि मागच्या दारानं अंगणात निघून गेल्या. तिला वाटलं, संपलं. कागद जे करू शकले नव्हते ते आपण दोन वाक्यांत केलं. दारातल्या सीटवर मामंजींचे हात डब्यात थांबले होते.

“मी सांगायला नको होतं,” ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, त्यांना ऐकू जाईल अशी अपेक्षा न ठेवता.

“का नको?” मामंजी म्हणाले. ती गर्रकन वळली. त्यांना ते स्पष्ट ऐकू गेलं होतं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी बोट आधी तिच्याकडे आणि मग स्वतःच्या कानाकडे केलं. “थांब जरा. ती ओरडते ती माझ्यासाठी नाही तर?”

“नाही वाटत.”

“तिला स्वतःचंच ऐकू येत नाही म्हणून?”

“हो.”

“आणि ती ओरडते म्हणून गिऱ्हाइकं ओरडतात, आणि सगळे ओरडतात म्हणून मला वाटलं मी…” त्यांचे खांदे हलायला लागले. “अगं, मी दोन वर्षं बहिरा म्हणून बसलोय इथं! हिनं मला रेडिओ घेऊ दिला नाही, म्हणाली तुम्हाला काय उपयोग!” ते हसत सुटले, डबा कलंडला, नट सगळ्या फरशीवर घरंगळले. तीही खाली बसली, नट गोळा करायला, आणि दोघं इतकी हसायला लागली की वन्सं मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तरी थांबता येईना.

“काय झालं हसायला?”

“अप्पांना ऐकू येतं,” ती म्हणाली, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश. “व्यवस्थित.”

वन्संचे डोळे लाल होते. त्यांनी बापाकडे बघितलं, तिच्याकडे, फरशीवरच्या नटांकडे. “म्हणजे फिटर खरंच म्हणत होता,” त्या म्हणाल्या. “ऐकत नाही म्हणजे ऐकत नाही. आणि मी त्याला हाकलला.” मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. “त्या पाने विकणाऱ्याशी काय भांडले गं मी!”

सगळे बोल्ट थोडे ढिले करून पहिल्यापासून आवळले. वन्सं ओढायच्या आणि ती शेजारी उभी राहून सांगायची, वाजला. मधला, वाजला. समोरचा, वाजला. वन्संच्या हातांना सगळं येत होतं. कुठं उभं राहायचं, दांडा कुठं धरायचा, श्वास कधी सोडायचा. तिला फक्त तो शेवटचा क्षण सांगायचा होता. तिसऱ्या फेरीपर्यंत दोघींची लय लागली होती, आणि ‘वाजला’ म्हणायच्या आधीच वन्सं तिच्या ओठांवरून थांबायला लागल्या होत्या. बेल्ट खुणेवर खूण ठेवून चढवला. पुठ्ठ्यावरचे बोल्ट एकेक करून आपापल्या घरी गेले. पाणी भरलं, तेल भरलं. किल्ली फिरवायला मामंजींना बसवलं. इंजिन खोकलं, अडखळलं, परत खोकलं आणि लागलं. वन्संनी तळहात वरच्या कव्हरवर ठेवला.

“कसं चाललंय?” त्यांनी विचारलं. या गॅरेजमध्ये त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. लोक त्यांना विचारायचे.

तिनं डोळे मिटले. “खाली एकसारखं आहे. गोल. वर बारीक टिकटिक होतेय, एकाच ठिकाणी, शिलाई मशीन हळू चालवल्यासारखी… आता कमी झाली. तेल चढतंय बहुतेक. आता गेली.”

“हाताला पण गेली,” वन्सं म्हणाल्या, आणि तळहात तिथंच राहू दिला.

वन्सं तपासणीला आल्या त्या गॅरेजच्या आपल्या निळ्या डगल्यातच. मुक्या खोलीच्या दारात थबकल्या, म्हणाल्या, “इथं तर काहीच वाजत नाही. फसवतेस.” काचेपलीकडे ताठ बसल्या, बटण धरून, आणि पहिली काही मिनिटं तिनं सूर सोडलेला नसतानाही सारख्या बटण दाबत राहिल्या. तिनं माइकमधून सांगितलं, “वन्सं, कॉपी नाही.” मग मात्र त्यांनी डोळे मिटले. रेघ तिच्या मनात आखली होती तशीच आली, खाली सपाट, वर उतरणारी. खूण करताना तिचा हात रोजच्यासारखा चालला नाही. यंत्र बसवायला परत यावं लागलं तेव्हा वन्सं कुरकुरल्या, कान म्हणजे काय कार्ब्युरेटर आहे का, सारखं ट्युनिंग करायला. कानामागं ते इवलंसं यंत्र बसलं. कागद फाटल्याचा आवाज झाला तेव्हा दचकल्या. मामंजींनी फिटरला परस्पर निरोप धाडला होता, आणि तो सोमवारपासून यायचा होता. “तोंड कसं दाखवू त्याला?” वन्सं लिफ्टमध्ये म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाला बिचकून पुढचं कुजबुजत म्हणाल्या, “मी एवढं ओरडते?”

“आता नाही.”

त्यांना गॅरेजवर सोडायला ती आपल्याच गाडीतून निघाली. इस्पितळाच्या फाटकाशी उजवीकडं वळायचं होतं. मोठ्या रस्त्यावर वाहनांची रांग होती. तिनं इंडिकेटर दिला आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत थांबली. वन्संनी मान तिरकी केली. डॅशबोर्डकडे वाकल्या.

“हे काय टकटक करतंय?”

ती घाबरली. कान टवकारले. इंजिन छान होतं. “काय? कुठं?”

“हे. टक टक टक टक.”

“इंडिकेटर,” ती म्हणाली.

“इंडिकेटर वाजतो?”

“वाजतोच की.”

“सगळ्या गाड्यांचा?”

“सगळ्या गाड्यांचा.”

वन्सं सीटवर मागं टेकल्या. रस्त्यावरची रांग संपली, समोर चांगली मोठी मोकळी जागा झाली. तिनं गिअर टाकला. वन्संनी तिच्या हातावर हात ठेवला.

“जाऊ दे त्यांना पुढं,” त्या म्हणाल्या. “वाजू दे जरा.”